बोलणारी खेळणी की भातुकली? लहान मुलांच्या बोलण्याबद्दल

उंबऱ्यावरची
मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. घरात खेळण्यांचा ढीग, आणि त्यातली निम्मी बोलतात. एका टेबलावर प्राणी आहेत, गाय दाबली की ती इंग्रजीत हंबरते आणि स्वतःचं स्पेलिंग सांगते. एक मोबाइल आहे, तो कुणी हात न लावताही रात्री मधूनच गाऊ लागतो. एक इस्त्री आहे, ती रंगांची नावं सांगते. (इस्त्रीचा आणि रंगांचा संबंध काय, कुणाला माहीत असेल तर सांगा.) चिरंजीव बटण दाबतात, ऐकतात, दुसरं बटण दाबतात. स्वतःच्या तोंडातून शब्द नाही.

मध्यंतरी सासूबाई साताऱ्याहून आल्या, त्या नणंदेची लहानपणची भातुकली घेऊन. पितळेची चूल, तवा, झारा, कळशी, पाणी तापवायचा बंब, लाकडी पोळपाट-लाटणं. तेव्हापासून तो त्यातच असतो आणि चक्क बोलतो. रिकामी कपबशी माझ्यापुढे धरून ‘आई चा’. मी प्यायला लागले तर माझा हात धरून ‘गम्म! फू कल!’ दोन शब्द जोडलेले मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकले.

तर प्रश्न असा, की हा खेळामुळे बोलायला लागलाय, की बोलायचं वय झालं आणि नेमकी भातुकली हाताशी आली? दुसरं म्हणजे आमच्याकडे आजोबांना नातवानं चूल मांडून बसणं पसंत नाही. ‘त्याला गाड्या द्या’ हे दिवसातून एकदा होतंच. त्यांच्यापुढे ठेवायला काही शास्त्रीय मिळालं तर हवंच आहे.

अर्धा_कप
आमच्याकडे कढई इंग्रजीत आकडे मोजते, त्यामुळे इस्त्रीचं काही वाटलं नाही.
आजोबांना म्हणावं, लग्नातले आचारी बघा. आहे का त्यात एक तरी बाई?

जिभेचं_हाड
मी वाचाउपचार करते. बोलायला उशीर झालेली, अडखळणारी, कमी ऐकू येणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

मूल खोलीत आलं की मी त्याला ‘बोल बरं, बोल’ असं म्हणत नाही. जमिनीवर एक डबा उपडा करते. त्यात कप, चमचा, कापडी बाहुली, फडक्याचा तुकडा, लाकडी ठोकळा आणि चाक निघालेली एक गाडी. मग बघत बसते. कप आणि चमचा नुसते एकमेकांवर आपटतोय, की चमचा कपात घालून ढवळतोय? ढवळून झाल्यावर चमचा स्वतःच्या तोंडाला लावतो, आईच्या, की बाहुलीच्या? बाहुलीला भरवून झाल्यावर फडक्यानं तिचं तोंड पुसतो का? ठोकळा कानाला लावून हॅलो म्हणतो का? बाहुलीला नुसती आडवी करतो, की तिला झोप येत नाहीये, ती रडतेय, असं काही तिच्या वतीनं करतो? आईबाबांना वाटतं बाई नुसत्याच बसल्यात. पण भाषेची किती तयारी झालीय, हे मूल एक शब्द न बोलता त्यातून सांगत असतं.

कारण खेळाच्या या पायऱ्या आणि बोलण्याच्या पायऱ्या बऱ्यापैकी हातात हात घालून येतात. वर्षाच्या आसपास रिकामा कप तोंडाला लावून प्यायल्याचं नाटक सुरू होतं, आणि पहिले शब्दही त्याच सुमारास येतात. दीड वर्षाच्या आगेमागे त्या नाटकात दुसरा कुणी येतो, बाहुली, बाबा, कुत्रा. दोनच्या आसपास कृती एकापुढे एक लागायला लागतात: ओत, ढवळ, फुंकर घाल, दे. शब्दही तेव्हाच एकाला एक जुळायला लागतात. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात लहान बाळांवर केलेल्या कामात हे नातं दिसलं, आणि पुढे लॉरेन मॅक्यून यांनी कृतींच्या जोडणीचा आणि शब्दांच्या जोडणीचा संबंध तपासला. तुमच्या लेकाचं ‘फू कल’ कपबशी पुढे धरल्यावरच आलं, यात मला नवल वाटत नाही.

असं का होत असावं? दोन्हींच्या मुळाशी एकच कसब आहे, समोर नसलेली गोष्ट मनात धरायची आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी उभं करायचं. ‘चहा’ हा आवाज म्हणजे चहा नव्हे, आणि रिकामा कप म्हणजेही चहा नव्हे. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेनं १९४५ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या मुलीची नोंद दिलीय. सव्वा वर्षाच्या त्या पोरीला एक झालरीचं कापड दिसलं, तिच्या उशीसारखं. तिनं ते धरलं, अंगठा तोंडात घातला, आडवी झाली, झोपल्यासारखे डोळे मधूनमधून मिचकावले आणि हसायला लागली. ते हसणं महत्त्वाचं. हे खोटंखोटं आहे, हे तिला कळत होतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीचं काठीच्या घोड्याचं उदाहरण तर बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९३३ सालच्या व्याख्यानात तो सांगतो, की काठीवर बसलेलं मूल ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवून घेतं आणि काठीला लावतं. पण पुढची गंमत कुणी सांगत नाही: पोस्टकार्डाचा घोडा होत नाही, म्हणतो. टांग टाकून बसता आलं पाहिजे! म्हणजे या वयात कल्पनेलाही हाताशी काहीतरी लागतंच. म्हणून खेळणं. पण खेळण्यानं पुरतं घोडा असायची गरज नाही, आणि खिंकाळायची तर नाहीच नाही.

अवांतर वाटेल, पण सव्वादोन वर्षांचा आहे आणि दोन शब्द आत्ता जोडतोय, तर ऐकण्याची तपासणी एकदा करून घ्या. घाबरण्यासारखं काही लिहिलेलं नाहीये तुम्ही, उलट तो खोटंखोटं खेळतोय, तुम्हाला त्यात ओढतोय, ही फार चांगली खूण आहे. पण दोन वर्षांच्या सुमारास साधारण पन्नासेक शब्द आणि दोन-दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात. ‘बाबाही उशिराच बोलले होते’ हे वाक्य ऐकून थांबू नका.

तीनफुल्या
नेहमीप्रमाणे मिठाचा खडा टाकतो.

‘हातात हात घालून येतात’ हे मान्य. पण धागाकर्तीनं विचारलंय ते वेगळं आहे, खेळामुळे बोलणं येतं का? एकत्र येणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचं कारण असेलच असं नाही. वय वाढलं की दातही येतात आणि शब्दही येतात. दात शब्द आणत नाहीत.

अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये या विषयावरच्या तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांनी तीन शक्यता मांडल्या. एक, खोटंखोटं खेळणं खरोखरच विकास घडवतं आणि त्याला पर्याय नाही. दोन, ते अनेक वाटांपैकी एक वाट आहे, दुसऱ्या वाटेनंही तिथेच पोचता येतं. तीन, खेळ हा नुसता सोबत येणारा प्रकार आहे, खरं काम दुसरंच काहीतरी करतं, उदाहरणार्थ मुलाशी भरपूर बोलणारे आईबाप. निष्कर्ष असा, की पहिली शक्यता ठामपणे सांगावी इतका पुरावा नाही. बरेचसे प्रयोग कच्चे होते. खेळाच्या गटाला उत्साही मोठा माणूस मिळाला, दुसऱ्या गटाला नाही, आणि तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे आधीच माहीत.

तेव्हा आजोबांना ‘शास्त्रानं सिद्ध झालंय’ असं सांगू नका. त्यांनी हे वाचलं तर पंचाईत.

उंबऱ्यावरची
@तीनफुल्या, आजोबा फक्त पंचांग आणि शेअर बाजार वाचतात. पण मुद्दा पोचला.
@जिभेचं_हाड, ऐकण्याच्या तपासणीचं उद्याच बघते. ‘बाबाही उशिराच बोलले होते’ हे आमच्याकडे अगदी शब्दशः म्हणून झालंय, कसं ओळखलंत?

जिभेचं_हाड
सगळ्या घरांत तेच वाक्य असतं हो. 🙂

@तीनफुल्या, लिलार्डबाईंचा आढावा मीही मानते, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घाऊक दाव्यांना त्यानं आवर घातला हे चांगलंच झालं. तुमची तिसरी शक्यता घेऊ. खरं काम मोठ्यांचं बोलणं करतं म्हणता ना? मग पुढचा प्रश्न हा, की मोठी माणसं कुठल्या खेळण्यापाशी बोलतात आणि कुठल्यापाशी गप्प होतात.

यावर अ‍ॅना सोसा यांचा एक छोटा पण नीट केलेला अभ्यास आहे, अमेरिकेत अ‍ॅरिझोनात झालेला, २०१६ मध्ये ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये छापलेला. २६ आईबाप-बाळांच्या जोड्या, बाळं १० ते १६ महिन्यांची. घरीच, कपड्यात बसवलेल्या रेकॉर्डरवर आवाज टिपलेले. तीन प्रकारची सामग्री दिली: बटणांची बोलणारी खेळणी, साधी खेळणी (लाकडी कोडी, ठोकळे वगैरे) आणि चित्रांची पुस्तकं. मोठ्यांच्या तोंडून मिनिटाला किती शब्द निघाले? पुस्तकांपाशी साधारण ६७, साध्या खेळण्यांपाशी ५६ आणि बोलणाऱ्या खेळण्यांपाशी ४०. एकमेकांना उत्तर देणंही बोलणाऱ्या खेळण्यांपाशी सगळ्यात कमी. साहजिक आहे. खेळणं बोलत असताना माणूस मधे कशाला बोलेल? आपण पाहुणे बोलत असताना गप्पच बसतो.

तीनफुल्या
त्यात भातुकली नव्हती. कोडी आणि ठोकळे होते. शिवाय २६ जोड्या.

जिभेचं_हाड
बरोबर, नव्हती. मी तो अभ्यास इस्त्रीविरुद्ध पुरावा म्हणून दिलाय, चुलीच्या बाजूनं नाही. 🙂

चुलीच्या बाजूनं माझं जे म्हणणं आहे ते अनुभवाचं आहे, ते तसंच घ्या. बोलणारी खेळणी नावं शिकवतात. गाय, लाल, त्रिकोण, सात. सगळी नामं आणि विशेषणं, तीही सुटी. मराठीत नुसत्या नावांवर वाक्य उभं राहत नाही. आता भातुकलीपाशी एक दुपार बसा आणि काय काय शब्द पडतात ते ऐका: ओत, ढवळ, चाळ, परत, कालव, निवड, लाट, उलट, उतरव, वाढ, सांडलं, करपलं, उतू गेलं, विझलं. आणि प्रत्यय! तव्यावर टाक, डब्यातून काढ, बाहुलीला वाढ, चमच्यानं घे, झाकणाखाली ठेव. -वर, -तून, -ला, -नं. हे तक्त्यावर बोट ठेवून शिकवता येत नाही. मुलानं ‘डब्बा’ म्हटलं की आपण सहज म्हणतो ‘डब्यात काय आहे?’, आणि डब्बा चा डब्यात झालेला त्याच्या कानावर पडतो, नेमका त्याचं बोट डब्यात असताना.

माझ्याकडे येणारी काही मुलं चाळीस प्राण्यांची नावं सांगतात आणि पाणी हवं असेल तर आईचा हात धरून माठापाशी नेतात. एक शब्द नाही. अशा वेळी मी तक्ते महिनाभर कपाटात ठेवायला सांगते.

चिकूवाडी
धागा आवडला. निवृत्त बालवाडी शिक्षिका आहे, पालघर जिल्ह्यातली. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आमच्यासारख्यांनी जे थोडंफार केलं ते त्या वाटेवरचं. ताराबाईंनी माँटेसोरी पद्धत, म्हणजे मुलानं खास साधनं हाताळत स्वतःच शिकायचं, मनापासून शिकून घेतली होती, पण ती साधनं महागडी, आणि आदिवासी पाड्यावर ती कुठून आणणार? मग शिंपले, गोटे, बिया, पानं, करवंट्या हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तर अंगणवाडी त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा गुरांमागे गेली.

मी जे पाहिलं ते सांगते. आमच्या वर्गात एक कोपरा बाहुलीघराचा असायचा. दोन विटांची चूल, करवंट्या, फडक्याच्या बाहुल्या, एक फुटकं सूप. वारली घरातली मुलं आली की पहिले कितीतरी दिवस गप्प. मी काही विचारलं की खाली बघायची. माझी मराठी त्यांच्या घरची नाही ना. पण तीच मुलं बाहुलीघरात गेली की आपापसात भडाभडा बोलायची, त्यांच्या बोलीत. मी त्यांची वाक्यं सुधारायला जायचे नाही. गिऱ्हाईक होऊन जायचे. ‘काय भाव मासळी?’ मग भाव सांगायला, माझ्याशी घासाघीस करायला त्यांना बोलावंच लागे. ती मुलं घासाघिशीत मला हरवायची.

सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते एसटीच्या खेळात. एका मागे एक बसायचं, पुढचा ड्रायव्हर, आणि कंडक्टर व्हायला भांडणं. कंडक्टर झालं की आवाज बदलायचा, भाषा बदलायची. ‘पुढे सरका, पुढे सरका! सुट्टे द्या! डहाणू कोण?’ घरी ‘सरका’ हा शब्द कुणी वापरत नसे. तो एसटीतून उचललेला, आणि बरोबर जागी वापरलेला. वर्गात मी ‘तुम्ही’ची रूपं शिकवून थकले असते. कंडक्टरला ती आपोआप यायची, कारण कंडक्टर प्रवाशाला ‘सरक’ म्हणत नाही.

खोट्या खेळावाचूनही चालू शकतं, हे तीनफुल्या यांनी लिहिलेलंही मला पटतं. माँटेसोरीबाई १९३९ ते १९४६ बहुतेक काळ भारतातच होत्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की मुलाला खोटी चूल कशाला, खरा झाडू द्या, खरी काचेची भांडी द्या. आमच्या पाड्यावरची मुलं खरा झाडू आणि खरी चूल घरी करूनच यायची! त्यांना खोटी चूल हीच चैन होती.

तीनफुल्या
@चिकूवाडी, फारच सुंदर प्रतिसाद. लिलार्डबाई स्वतः माँटेसोरी पद्धतीच्या अभ्यासक आहेत, हे मी मघाशी सांगायला हवं होतं. वाचताना तेवढं ध्यानात ठेवावं.

तुमच्या कंडक्टरवरून आठवलं. बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये चार ठिकाणच्या वर्ष-दोन वर्षांच्या मुलांची तुलना केली: अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानातलं केचिओरेन, ग्वातेमालातलं सान पेद्रो आणि भारतातलं ढोल-की-पट्टी हे आदिवासी खेडं. शहरी आया मुलांच्या बरोबरीनं खेळायला बसतात, खेळाला धड्याचं रूप देतात. खेड्यांत आईनं खेळायला बसणं हे आईचं कामच मानलं जात नाही. खेळायला भावंडं, चुलत भावंडं, शेजारची पोरं असतात. आणि ती मुलंही बोलायला शिकतातच. त्यामुळे प्रत्येक आईनं रोज जमिनीवर बसून खोटा चहा प्यायलाच पाहिजे, हा नवा जाच कुणी मागे लावून घेऊ नका. आपल्या आज्यांनी कुठे पोरांबरोबर भातुकली मांडली होती? त्यांना खरी चूल पुरून उरत होती.

अर्धा_कप
+१००० याला. ऑफिसातून आल्यावर मला तिसऱ्यांदा ‘पेशंट’ व्हायचं नसतं.

जिभेचं_हाड
मुद्दा रास्त आहे. फक्त आता ती शेजारची पोरं गेली कुठे? आठव्या मजल्यावर एकटं मूल, बाहेरून कडी, आणि दुपारी सांभाळणाऱ्या ताई फोनवर. अशा घरात मोठ्यांपैकी कुणीतरी खेळगडी झाल्याशिवाय भागत नाही. पण त्यासाठी शिकवणी घेऊ नका. ‘हा कोणता रंग? हे काय आहे? किती आहेत?’ हे विचारलं की खेळ संपला आणि तोंडी परीक्षा सुरू झाली, मूल उठून जातं. त्यापेक्षा चुका करा. टोपी पायात घाला. झाकण न काढता डब्यातून साखर ओता. ‘चहा प्यायले, पण काहीतरी कमी वाटतंय बाई’ म्हणा आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. तेवढा वेळ आपण मुलांना देतच नाही, त्याच्या आधी आपणच ‘साखर का? साखर राहिली का?’ करून मोकळे होतो.

पाचेक मिनिटं पुरतात. नंतर पेशंट मेला म्हणून झोपून टाका.

बंड्या_बे_एरिया
आमची केस उलटी आहे. लेक चार वर्षांची, इकडेच जन्मलेली. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. घरोघरी मातीच्या चुली.

पण तिच्या बाहुल्यांमध्ये मी एक प्रकार पाहिला. तिचं दुकान असतं, शाळा असते, दवाखाना असतो, सगळं इंग्रजीत. ‘यू बी द बेबी’ वगैरे. आणि एक कापडी म्हातारी आहे, तिला माझ्या आईनं जुन्या इरकलीची साडी शिवलीय. ही म्हातारी खेळात आली की मराठीत बोलते. ‘अगं बाई! जेवलीस का? किती वाळलीस!’ सुरासकट माझ्या आईची नक्कल. त्या वेळी लेक क्रियापदं बरोबर वापरते, स्त्रीलिंगी वगैरे सगळं. एरवी तिला विचारलं तर ‘आय डोन्ट नो हाऊ टू से दॅट’.

म्हणून आता आम्ही मराठी बोलणारी पात्रं वाढवतोय. सध्या एक रिक्षावाला आणि एक भाजीवाली मराठी आहेत. रिक्षावाला मीटरनं यायला तयार नाही.

अर्धा_कप
रिक्षावाला अस्सल दिसतोय.

बंड्याभाऊ, तुमच्याकडे इंग्रजी, इथे पुण्यात हिंदी! माझा मुलगा माझ्याशी मराठीत बोलतो, शेजारची मुलंही मराठी. पण गाड्या हातात आल्या की ‘अरे बचाओ! मैं आ रहा हूँ! दुश्मन भाग गया!’ सगळ्या गाड्या हिंदीत बोलतात, कारण कार्टून हिंदीत. खेळ थांबवून भांडायचं असलं की पुन्हा मराठी: ‘ए, तू आत्ता नाही मरायचं, माझी टर्न आहे.’ आणि लगेच परत ‘बचाओ’.

जिभेचं_हाड
हे दोन्ही प्रतिसाद मला वर्कशॉपमध्ये वापरायचेत, परवानगी द्या!

अर्धा_कप यांनी पकडलेलं फार महत्त्वाचं आहे. खेळात दोन प्रकारचं बोलणं चालतं. एक पात्राचं, दुसरं पात्राच्या बाहेर येऊन केलेलं ठरवाठरवीचं: ‘तू आजारी पडायचं, मग मी यायचं, मग तू रडायचं नाही हं, मग औषध द्यायचं.’ नीट ऐका, तीन-चार वर्षांची मुलं हे सगळं ‘-यचं’ लावून बोलतात. अजून घडलेलंच नाही, इथे दिसतही नाही, आणि ते क्रमानं, कारणासकट, समोरच्याला पटेल असं सांगायचंय. पुढे गोष्ट सांगणं, वाचलेलं समजणं, निबंध लिहिणं याला हेच लागतं. शब्दांची नुसती संख्या मोजणाऱ्यांच्या हातून नेमका हा भाग सुटतो. आणि यासाठी बरोबरीचं मूल लागतं. मोठा माणूस फार लगेच ‘बरं’ म्हणतो. चार वर्षांचा मित्र म्हणतो ‘नाही, मीच डॉक्टर’, मग कारण द्यावं लागतं.

दिवाळीतला किल्ला करताना ऐका कधी. मावळा कुठल्या बुरुजावर ठेवायचा यावर जो वाद होतो, त्याच्या निम्मं बोलणंही शाळेत होत नाही.

तीनफुल्या
याला मात्र मी आडवा जाणार नाही. ठरवाठरवीत भाषा लागते हे ऐकूनच कळतंय, त्याला प्रयोग नको. (पण त्यानं भाषा वाढते का... जाऊ दे.)

उंबऱ्यावरची
अपडेट. ऐकण्याची तपासणी झाली, दोन्ही कान व्यवस्थित. आता महिन्याभरानं पुन्हा दाखवायला सांगितलंय. बोलणाऱ्या खेळण्यांचे सेल काढून ठेवलेत. इस्त्री आता मुकी झाली आणि काय आश्चर्य, तो तिनं कपड्यांना इस्त्री करतो! ‘आई शल्ट दे.’ ‘चटका!’

‘चुका करा’ हा सल्ला जबरदस्त चालतोय. मी काल चहात मीठ घातलं तर जो काही ओरडा पडला मला, त्यात एक अख्खं वाक्य होतं.

आजोबांचं म्हणणं अजून तेच आहे. गाड्या द्या. आम्ही गाडीत भाजी भरून बाजारात न्यायला सुरुवात केलीय, त्यावर त्यांची तात्त्विक हरकत नाही.

एक राहिलं. हे सगळं बघून माझ्या बहिणीला तिच्या दीड वर्षाच्या मुलीसाठी भातुकली घ्यायचीय. कुठे मिळेल, आणि काय बघून घ्यावी?

चिकूवाडी
पुण्यात असाल तर तुळशीबाग. पितळी, स्टीलची, लाकडी, सगळी मिळते. कोकणात जाणं झालं तर सावंतवाडीची चितार आळी बघा, लाकडी खेळणी आणि रंगवलेली लाकडी फळं-भाज्या फार सुरेख असतात. बाजाराच्या खेळाला तीच बरी.

पण दीड वर्षाच्या मुलीला विकतची इवली भांडी इतक्यात नको. झारा, उलथणं, पळी यांची टोकं बघा, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात मावेल असं काहीही देऊ नये. तिला घरातल्याच दोन वाट्या, एक मोठा चमचा, एक पातेली आणि झाकण द्या. झाकण महत्त्वाचं, उघडणं-मिटणं त्यांना फार आवडतं. पितळेचं जुनं काही असेल तर त्यात खरं ताक, लिंबू, चिंच कालवू देऊ नका, कल्हई गेलेली असते.

जिभेचं_हाड
अनुमोदन. आणि एक बाहुली, कसलीही. मोज्याची केलीत तरी चालेल. दीड वर्षाच्या मुलीला भांड्यांइतकंच भरवायला कुणीतरी लागतं.

अर्धा_कप
मोज्याची बाहुली कशी करायची, कुणी फोटो टाकेल का? आमच्याकडे एकेकटे मोजे भरपूर आहेत.